मार्लिसचे गुडघे

काचकारखान्याच्या गेटावरच्या रखवालीचं कंत्राट आपल्या कंपनीच्या हातून गेलं, हे इंगोल्फ रेश्केला मार्लिसकडून कळलं. ती रात्रपाळी उतरून सायकलचं कुलूप काढत होती आणि तो सकाळच्या पाळीला येत होता.

"आपलं दुकान नाताळपर्यंतच," ती म्हणाली. "मग दुसरे येणार."

"कोण म्हणतं?"

"वजनकाट्यावर वाळूचा ट्रक आला होता. त्याचा ड्रायव्हर म्हणाला."

"ड्रायव्हरला काय कळतंय."

"मालकाच्या आधी त्यालाच कळतं. आपली खाण बंद होणार हे तुला कोणी सांगितलं होतं? ड्रायव्हरनेच ना?"

हे खरं होतं. आमच्या पूर्व जर्मनीतल्या लाउझित्समध्ये कोळशाच्या खाणी एकेक करून मिटल्या, तेव्हा साहेब लोक शेवटच्या दिवसापर्यंत चिंता करू नका म्हणत होते. इंगोल्फ तिथे विजेचं काम करायचा, मार्लिस नोआक कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर होती. खाणीत पाणी सोडून तलाव केला, आता तिथे बर्लिनचे लोक होड्या फिरवतात. खाणीतली निम्मी माणसं पश्चिमेकडे गेली. जी राहिली त्यांतली बरीचशी गणवेश चढवून कुठल्या ना कुठल्या गेटावर उभी राहिली.

रखवालदारीची परीक्षा इंगोल्फने आधी दिली आणि मग मार्लिसला ओढत नेलं. कायद्याच्या प्रश्नांची तिला धास्ती होती. इंगोल्फच्या स्वयंपाकघरात त्याची बायको सिग्रुन उकडलेले बटाटे, दह्याचा चक्का आणि जवसाचं तेल पुढ्यात ठेवायची आणि इंगोल्फ प्रश्न विचारायचा. चोर पळत असला तर किती लांब पाठलाग करायचा, कुणाची झडती घ्यायची आणि कुणाची नाही. मार्लिस पास झाली तेव्हा तिने सिग्रुनला मिठी मारली आणि इंगोल्फच्या पाठीत एक गुद्दा घातला.

रात्रपाळीही तिने त्याच्याच सांगण्यावरून घेतली. तिचा नवरा बवेरियात जाऊन दुसरीच्या घरी राहिला होता, मुलगा रिको शिकत होता आणि घराचं छप्पर गळत होतं. इंगोल्फ म्हणाला होता, "रात्रीच्या, रविवारच्या, सणाच्या भत्त्याला सरकार हात लावत नाही. कर नाही, विम्याचा हप्ता नाही. मिळाले ते सगळे तुझे. पगारातून अशी सूट दुसऱ्या कोणाला मिळते सांग." त्याला स्वतःला रात्र सोसत नसे, पोट बिघडायचं. मार्लिस रात्री घेत राहिली म्हणून त्याच्या वाट्याला दिवस येत राहिले. गेटावरचे लोक तिला वटवाघूळ म्हणत. ती चिडत नसे. "वटवाघळाच्या घराला कौलं नवी आहेत," ती म्हणायची.

ड्रायव्हरची बातमी खरी निघाली. पंधरा दिवसांत जुन्या कंपनीने सातही रखवालदारांना नोटीस दिली. नवी कंपनी माणसं घेणार होती, पण आपल्या अटींवर. राज्यात ठरलेला तासाचा किमान दर मिळणार, कारखान्याच्या गेटासाठी मिळणारा जादा भत्ता बंद. करार एका वर्षाचा आणि त्यातले पहिले सहा महिने प्रोबेशन. कोणी दहा वर्षं उभा असो की पंधरा, नोकरीची सुरुवात शून्यापासून.

पाळी बदलायच्या वेळी सगळे गेटाच्या खोलीत जमले. बल्गेरियाहून आलेला प्लामेन दाराला टेकून कॉफी पीत होता. मार्लिस म्हणाली, "सहीच करायची नाही. सातांपैकी एकानेही. भट्टीचा अलार्म वाजला तर कोणती झडप बंद करायची, हे आपल्यालाच माहीत आहे. एक जानेवारीला त्यांच्याकडे उभं करायला माणूस नसेल. मग बोलतील ते आपल्या वर्षांबद्दल."

"आणि त्यांनी पोलंडहून माणसं आणली तर?" प्लामेनने विचारलं.

"त्यांना अलार्म कोण शिकवणार? तू?"

"मी शिकवीन. तासाला वीस युरो."

सगळे हसले. मार्लिसही हसली. इंगोल्फने मान डोलावली आणि म्हणाला, "एकजूट असेल तर होईल." तो सगळ्यात जुना होता. त्याने मान डोलावली म्हणजे ठरलं, असं सगळ्यांनी धरलं.

चार दिवसांनी नव्या कंपनीच्या टीट्येन नावाच्या साहेबाने त्याला बाजारातल्या बेकरीत बोलावलं. टीट्येन चाळिशीचा, हानोफरकडचा, बोलायला मऊ. त्याने इंगोल्फसाठी खसखशीचा केक मागवला आणि त्याचं कुटुंब, त्याची बाग, त्याची पाठ यांची चौकशी केली.

मग म्हणाला, "रेश्के, मला गेटावर एक प्रमुख हवा आहे. तासाला दीड युरो जास्त. फक्त दिवसपाळी. तुमच्याशिवाय दुसरं नाव माझ्या डोळ्यांपुढे नाही."

इंगोल्फ अठ्ठावन्न वर्षांचा होता. या वयात आपल्याला कोणी आपणहून विचारेल, असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने केकचा तुकडा तोंडात टाकला.

"मागच्या गेटाला कॅमेरा आणि आपोआप उघडणारा दांडा बसतोय," टीट्येन पुढे म्हणाला. "म्हणजे सहाच जागा. आणि माझ्या कानावर आलंय की काही लोक सही करणार नाहीत म्हणतात."

"लोक बोलतात," इंगोल्फ म्हणाला.

"कोण बोलतं?"

इंगोल्फने कॉफीचा कप उचलला. टीट्येनने आग्रह केला नाही. कॉफी ढवळत म्हणाला, "नावं मी मागत नाही. ती तुमची माणसं आहेत, मला समजतं. पण सातातून कोण गळणार हे मला चिठ्ठ्या टाकून ठरवता येत नाही. एवढंच सांगा, गस्तीला कोणाला पाठवलं तर तुम्हाला घोर लागेल?"

त्या क्षणी इंगोल्फला वाटलं की हा प्रश्न पहिल्यापेक्षा सोपा आहे. मार्लिसचं नाव चिथावणारी म्हणून आपल्या तोंडून गेलं नाही, तेवढी निष्ठा आपण राखली. आता हा तब्येतीचं विचारतोय. तो म्हणाला, "तसं सगळे चांगले आहेत. मार्लिस नोआकला जिन्यांचा थोडा त्रास होतो. गुडघे. भट्टीच्या वरच्या मजल्यांवर कधी कधी मी जाऊन येतो, पाळी बदलायच्या आधी."

"अच्छा," टीट्येन म्हणाला. त्याने काही लिहून घेतलं नाही. बेकरीवालीला बिल आणायला सांगितलं आणि इंगोल्फला विचारलं, बायकोसाठी एक तुकडा बांधून देऊ का. इंगोल्फने हो म्हटलं. तो केक त्याने घरी नेला आणि सिग्रुनने खाल्ला.

दुसऱ्याच दिवशी त्याने सही केली. तो फुटला म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतात. आठवड्याभरात मार्लिस सोडून, प्लामेनसकट सगळ्यांच्या सह्या झाल्या. इंगोल्फ मार्लिसकडे जाऊन म्हणाला, "माझं वय बघ. ही नोकरी गेली तर मला कोण घेणार?"

मार्लिस म्हणाली, "समजतं रे. मी एकटी काय झेंडा फडकावत बसू. मीही करते सही."

ती टीट्येनकडे गेली तेव्हा त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सहा जागा भरल्याचं सांगितलं.

त्या संध्याकाळी ती सरळ इंगोल्फच्या घरी आली. सिग्रुनने तिच्यापुढे चहा ठेवला. मार्लिसने कोट काढला नाही.

"मी बोलले म्हणून मला काढलं," ती म्हणाली. "सही करू नका म्हणाले ते कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं. आणि कोणी सांगितलं तेही मला माहीत आहे."

इंगोल्फच्या हातातला चमचा बशीला लागून वाजला.

"प्लामेन," मार्लिस म्हणाली. "त्याच दिवशी बोलला होता ना, मी शिकवीन वीस युरोत. आणि परवा टीट्येनच्या गाडीतून स्टेशनवर उतरताना गेटावरच्या ओलाफने त्याला पाहिलं."

"त्याची बस चुकली असेल," इंगोल्फ कसंबसं म्हणाला.

"तू सगळ्यांना चांगलंच समजतोस. हाच तुझा दोष."

सिग्रुन म्हणाली, "खरं आहे. याला माणसं ओळखताच येत नाहीत." आणि तिने मार्लिसच्या खांद्यावर हात ठेवला. इंगोल्फ लाकडं आणायच्या निमित्ताने अंगणात गेला आणि गरजेपेक्षा जास्त लाकडं घेऊन आला.

जानेवारीत मार्लिसने त्याला रोजगार कार्यालयात सोबत यायला सांगितलं. "तुला कायद्याची भाषा कळते," ती म्हणाली. तो सुट्टी टाकून गेला. टेबलापलीकडच्या बाईने संगणकात पाहून बेकारी भत्त्याचा आकडा सांगितला. मार्लिसने तो पुन्हा सांगायला लावला.

"यात काहीतरी राहिलंय," मार्लिस म्हणाली. "माझ्या हातात दर महिन्याला याच्या कितीतरी जास्त यायचे."

"नोआकबाई, हातात किती यायचे ते आम्ही धरत नाही. ज्या पगारावर हप्ता भरलाय तोच धरतो. रात्रीचे, रविवारचे भत्ते त्यात येत नाहीत."

"मी त्या रात्री जागले आहे."

"हो. पण त्यावर तुमचा कर गेला नाही, विम्याचा हप्ता गेला नाही. म्हणून तो मोजला जात नाही."

"आणि पेन्शनला?"

बाईने तिच्याकडे पाहिलं. ती वाईट बाई नव्हती. "पेन्शनलाही नाही," ती हळू म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?"

मार्लिसने इंगोल्फकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. बाहेर गाड्या लावायच्या जागेत ती मध्येच थांबली आणि हसायला लागली.

"किती खूश होतो रे आपण. सरकारला फसवलं म्हणून."

"मीच तुला सांगितलं होतं," इंगोल्फ म्हणाला.

"तुला तरी कुठे माहीत होतं. तू माझ्या भल्याचंच सांगितलंस."

गाडीत बसल्यावर त्याला किल्ली लावता येईना. मार्लिसने विचारलं, "थंडी वाजते का?" आणि तिने आपला मफलर त्याच्या गळ्यात घातला.

गेटावर मात्र वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं. प्लामेन आत आला की बोलणं थांबे. ओलाफ त्याच्याकडून पाळी घेताना फक्त किल्ल्या मोजे आणि मान वळवी. कोणीतरी त्याच्या कपाटावर 'वीस युरो' असं खडूने लिहिलं. प्रमुख म्हणून इंगोल्फने ते पुसायला लावलं, पण कोणी लिहिलं ते विचारलं नाही. प्लामेन आता गेटाच्या खोलीत न जेवता वजनकाट्याच्या टपरीत जाऊन जेवू लागला. त्याची बायको रादका शाळेत साफसफाई करायची. तिला दुकानात भेटलेल्या बायका नमस्कार करीनाशा झाल्या. लहान गावात अशा गोष्टी कोणी ठरवून करत नाही, पण सगळे करतात.

एकदा प्लामेनने इंगोल्फला गाठलं. म्हणाला, "तू मला सहा वर्षं ओळखतोस. मी त्याच्या गाडीतून गेलो, कारण पाऊस होता आणि तो म्हणाला बस. गाडीत तो पूर्ण वेळ फुटबॉलवर बोलत होता. मी मार्लिसचं नाव घेतलं असेन असं तुला वाटतं?"

"नाही," इंगोल्फ म्हणाला.

"मग बाकीच्यांना सांग ना. तू प्रमुख आहेस. तुझं ऐकतील."

"जाऊ दे प्लामेन. लोक विसरतात."

प्लामेनने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बरं." त्या एका शब्दाने इंगोल्फचं जेवण गेलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं त्याला आता प्रत्येक माणसाच्या नजरेत काहीतरी दिसायला लागलं. सिग्रुन विचारायची, पोटात दुखतंय का. तो हो म्हणायचा. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या तो नेमाने घ्यायचा.

तो आपल्या परीने भरपाई करू पाहत होता. मार्लिसच्या कुंपणाला रंग दिला. तिच्या तळघरात बटाट्याची पोती नेऊन टाकली. तिच्या सायकलचे टायर बदलून दिले. मार्लिस सगळ्यांना सांगायची, "माणूस असावा तर इंगोल्फसारखा. बाकीच्यांनी फोनसुद्धा केला नाही." हे त्याच्या कानावर यायचं आणि तो पुन्हा काहीतरी घेऊन तिच्या दारात जायचा.

एप्रिलमध्ये ओलाफ नोकरी सोडून ड्रेस्डेनला गेला. एक जागा रिकामी झाली. इंगोल्फने त्याच दिवशी टीट्येनला फोन लावला.

"नोआकबाईंना घ्या. त्यांच्याइतकं गेट कोणालाच माहीत नाही."

"रेश्के, त्यांचे गुडघे खराब आहेत, हे तुम्हीच मला सांगितलंत."

"एवढे खराब नाहीत."

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" टीट्येन हसत होता, पण उत्तराची वाट पाहत थांबला.

इंगोल्फने फोन दुसऱ्या कानाला लावला. टीट्येन म्हणाला, "उद्या त्या जिन्यावर पडल्या आणि मला आधीच माहीत होतं असं निघालं, तर? तुम्ही मला सावध केलंत, त्याबद्दल मी तुमचा आभारीच आहे." आणि त्याने फोन ठेवला. त्या जागेवर कॉटबुस शहरातला एक माणूस आला.

मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, इंगोल्फ मार्लिसच्या छपराची पन्हळ साफ करत होता. वर्षभराची पानं कुजून तिच्यात चिखल झाला होता. मार्लिस खाली शिडी धरून उभी होती. दारातला लायलॅक फुलला होता आणि ती खुशीत होती, कारण जलतरण तलावाच्या तिकीट खिडकीवर तिला कदाचित काम मिळणार होतं.

"काल रादका दिसली," ती खालून म्हणाली. "खाटकाच्या दुकानात. मला बघून पुढे आली, काहीतरी बोलणार होती. मी सरळ पाठ फिरवली आणि निघाले. रांग सोडून. तिच्या नवऱ्याला कळू दे जरा."

इंगोल्फचे हात चिखलात थांबले. तो वरूनच म्हणाला, "प्लामेन नव्हता तो."

"पुन्हा सुरू झालास तू."

"मी होतो."

"काय?"

तो शिडीवरून उतरला. हातांना काळा चिखल होता, ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. उभ्याउभ्याच त्याने बेकरीतलं सगळं सांगितलं. केक, दीड युरो, सहा जागा. "तू सही करू नका म्हणालीस, ते मी नाही सांगितलं," तो म्हणाला. "ते त्याला आधीच माहीत होतं. मी फक्त गुडघ्यांचं बोललो."

मार्लिसने शिडीवरचा हात काढला नव्हता. म्हणाली, "गुडघ्यांचं मी फक्त तुला सांगितलं होतं. रिकोलाही नाही."

"हो."

"तू म्हणाला होतास, तू बस, मी वर जाऊन येतो. मी तुझ्यासाठी कॉफी करून ठेवायचे."

"हो."

"आणि हे सगळं," तिने कुंपणाकडे, पन्हळीकडे हात केला, "हे त्यासाठी होतं?"

त्याने हातांचा चिखल पँटला पुसला. मार्लिस पायरीवर बसली. त्याला वाटलं ती रडेल, किंवा त्याला हाकलून देईल. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. ती म्हणाली ते वेगळंच होतं.

"मी तिला पाठ दाखवली इंगोल्फ. भर दुकानात. तिच्या हातात पिशवी होती आणि ती माझ्याकडे बघून हसत होती."

"मार्लिस, मला माफ—"

"थांब. माझ्याकडे मागू नकोस. माझ्याकडे आता देण्यासारखं काही नाही. आधी गेटावर जा. सगळे असतील तेव्हा जा आणि त्याला सगळ्यांसमोर सांग. कोपऱ्यात घेऊन नाही."

"सांगतो."

"आणि शिडी घेऊन जा. तुझी आहे."

घरी त्याने आधी सिग्रुनला सांगितलं. ती भांडी पुसत होती, तिने पुसणं थांबवलं नाही. सगळं ऐकून म्हणाली, "तो केक मी खाल्ला." मग म्हणाली, "मी उद्या मार्लिसकडे जाईन. तू येऊ नकोस." त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

सोमवारी पाळी बदलताना खोलीत पाच जण होते. प्लामेन किल्ल्या टांगून निघायच्या बेतात होता. इंगोल्फ म्हणाला, "प्लामेन, थांब जरा. मला सगळ्यांसमोर बोलायचंय." ठरवलेलं भाषण तो विसरला. जसं आठवलं तसं बोलला. मार्लिसचे गुडघे त्याने वापरले, आणि मग प्लामेनवर आळ आला तेव्हा तो गप्प बसला, कारण गप्प बसणं सोयीचं होतं. कोणी मध्ये बोललं नाही. बाहेर एका ट्रकने हॉर्न दिला, एक जण जाऊन दांडा उघडून परत आला, तोवर इंगोल्फ उभाच होता.

प्लामेन म्हणाला, "मला अंदाज आला होता. ज्या दिवशी तू लोक विसरतात म्हणालास, त्या दिवशी." त्याने जाकिटाची चेन लावली. "मला एवढंच कळत नव्हतं की माझी बायको रस्त्यात भेटली की तू नमस्काराला टोपी कशी काढतोस. बाकी कोणी काढत नव्हतं. ती घरी येऊन म्हणायची, निदान रेश्के तरी चांगला आहे."

तो निघून गेला. बाकीच्यांपैकी एक जण, ज्याच्या अक्षरात कपाटावर 'वीस युरो' लिहिलं होतं, खाली मान घालून वजनकाट्याच्या टपरीकडे त्याच्या मागे गेला. दोघं तिथे बराच वेळ उभे होते. काय बोलले ते इंगोल्फला कळलं नाही आणि विचारायचा हक्कही आता राहिला नव्हता.

त्याच दुपारी त्याने टीट्येनला फोन केला. या वेळी त्याचं उत्तर तयार होतं. "मी तेव्हा खोटं बोललो नव्हतो, पण ते सांगायचा मला अधिकार नव्हता," तो म्हणाला. "आणि ही गोष्ट आता गेटावर सगळ्यांना माहीत आहे. मीच सांगितली."

टीट्येन म्हणाला, "रेश्के, तुमचं प्रोबेशन अजून संपलं नाही, हे लक्षात आहे ना?"

"आहे."

जूनच्या मध्यावर त्याला नोटीस मिळाली. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांची नोटीस पुरते आणि कारण द्यावं लागत नाही. दिलंही नाही. प्लामेनला प्रमुख केलं. त्याने ती जागा घेण्याआधी टीट्येनकडून सगळ्यांचे करार कायमचे करून घेण्याचं वचन मागितलं, असं म्हणतात. वचन मिळालं नाही, पण तीन जणांचे करार कायमचे झाले.

इंगोल्फ एकटाच रोजगार कार्यालयात गेला. तीच बाई होती. तिने आकडा सांगितला आणि तो चकित झाला, कारण तो मार्लिसच्या आकड्यापेक्षा बराच मोठा होता. आयुष्यभर दिवसपाळी केली, प्रत्येक युरोवर हप्ता गेला, म्हणून प्रत्येक युरो मोजला गेला. "समाधान झालं ना?" बाईने विचारलं. तो खुर्चीतून उठला नाही. तिला पुन्हा विचारावं लागलं.

त्याने हे सिग्रुनला सांगितलं. ती म्हणाली, "मार्लिसला सांगू नकोस."

"तिने विचारलं तर?"

"विचारलं तर सांग. आता खोटं बोलायला जागा उरलीय कुठे."

मार्लिसला तलावाच्या तिकीट खिडकीवर काम मिळालं. पगार कमी, पण दिवसाचं आणि बसून. गावात म्हणत की ती आता टवटवीत दिसते. तिने रादकाला घरी बोलावून जेवू घातलं. त्या जेवणाला सिग्रुनही होती. इंगोल्फचं नाव तिथे निघालं की नाही, ते सिग्रुनने त्याला सांगितलं नाही. मार्लिस त्याच्या घरी येत राहिली, मात्र तो बागेत असेल तेव्हाच. तो आत आला की ती कोट घालायची.

उन्हाळा सरला, तलाव बंद व्हायचे दिवस आले. एका दुपारी इंगोल्फ बाजारातून गाडीने परतत होता. बसथांब्यावर मार्लिस उभी दिसली. वारा सुटला होता आणि थांब्याला छप्पर नव्हतं. त्याने गाडी कडेला घेतली आणि काच खाली केली.

"सोडतो," तो म्हणाला.

"बस येईल."

"अर्धा तास आहे."

"असू दे."

त्याने काच वर केली. मग गाडी तिथेच बंद करून तो उतरला आणि तिच्यापासून दोन हात अंतरावर येऊन उभा राहिला. मार्लिसने त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं.

"किती देतात तुला भत्ता?" तिने विचारलं.

त्याने आकडा सांगितला. खोटा नाही, कमी करूनही नाही.

मार्लिसने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बरंय," ती म्हणाली. "निदान एकाचा तरी हिशेब बरोबर लागला."

तिच्या आवाजात राग होता की थट्टा, हे त्याला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही. बस येईपर्यंत तो तिथे उभा राहिला आणि तिने त्याला जा म्हटलं नाही.